शेतकरी म्हणून माझे नाव खोडून बायकोचे लावण्याबाबत

प्रति,
मा. कृषी विस्तार अधिकारी,
विस्तार केंद्र, म्पोन्डेरा, मध्य मलावी.

विषय: शेतकरी नोंदवहीत माझ्या जागी पत्नी एनेलेसी हिचे नाव लावणे, तेही पावसाआधी.
संदर्भ: मे महिन्यात आपण आंब्याखाली केलेली नोंदणी.

महोदय,

१. आपण उत्तरेकडचे. तिकडे सून नांदायला येते. इकडे जावई येतो, आणि जमीन आईकडून लेकीला जाते. "या घरचा शेतकरी कोण?" असे आपण विचारलेत तेव्हा एनेलेसी शेतात होती आणि मी सावलीत सोंगट्या खेळत होतो. शेतकऱ्याला हिरवी टोपी मिळणार हे कळल्याने माझा हात वर गेला. चूक माझी आहे. पण आपण नुसता हात पाहून नाव लिहिलेत, हेही नम्रपणे नमूद करतो.

२. पुढे आपण मला आदर्श शेतकरी ठरवलेत. मक्यात तूर, मधे भोपळा, जमिनीवर मक्याच्या वाळल्या ताटांचे आच्छादन, ही सगळी करामत एनेलेसीची. खताच्या प्रशिक्षणाला मात्र मी गेलो. तिथले जेवण उत्तम होते.

३. आपले पाहुणे शेत पाहायला येणार, असा निरोप आला. पाहुण्यांना शेतातले उंदीर भाजून खाऊ घालावेत या सद्भावनेने मी रीतीप्रमाणे शेत पेटवून बिळे मोकळी केली. उंदीर सतरा मिळाले. आच्छादन सगळे जळाले. एनेलेसीने कुदळ माझ्या पायाशी टाकली. म्हणाली, "वहीत शेतकरी तू ना? मग कर की शेती! मी बसते सावलीत." तिच्या भावाकडे गाऱ्हाणे नेले. तो म्हणाला, "जावईबापू, बहीण बरोबर बोलते. उंदीर उरलेत का?"

४. आज अठरा दिवस मी एकटा खणतो आहे. पाऊस आठवड्यावर आला. बियाणे एनेलेसीच्या मडक्यांत आहे, आणि कशाशेजारी काय पेरायचे ते तिच्या डोक्यात. वहीत नाव लागेपर्यंत ती झाकण उघडणार नाही. पेरणी हुकली तर आमच्या तीन मुलींना वर्षभर मक्याच्या पिठाची न्सिमा मिळणे कठीण आहे. वीस वर्षे ती हे करत आली आणि मी ताटावर बसून मीठ कमी म्हणत आलो. मला लाज वाटते, साहेब.

५. नाव बदलण्यासाठी "पत्नीस शेती येते" असा दाखला नोंदणीकृत शेतकऱ्याने द्यावा, असे आपले कारकून म्हणतात. म्हणून तिची परीक्षा घ्यायला मी तिला शेतावर नेले. तिने माझे सगळे खड्डे बुजवून पुन्हा खणायला लावले. सबब, तो दाखला देण्याची माझी पात्रता नाही. उलट मला शेती येते असा दाखला मीच तिच्याकडे मागितला होता. तिने तो नाकारला आहे.

आपला नम्र,
लॅस्टन कापेनी
(हाताला फोड आल्याने सही वाकडी आहे.)
चिम्वाला, १९ नोव्हेंबर