मशीन मी नेलंय

बाबा,

बीपीचं मशीन कपाटात शोधू नका, ते मी ऑफिसला घेऊन चाललेय. काल परचुरे डॉक्टरांनी तुमची वही पाहिली. सोमवारी एका दिवसात एकोणीस वेळा बीपी मोजलंय तुम्ही. ते म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, तिन्ही ईसीजी चांगले आहेत. हा चिंतेचा आजार आहे आणि सारखं मोजून तो वाढतो. तुम्ही तिथे मान डोलावलीत आणि रिक्षात मला विचारलंत, "त्यांना नक्की कळतं ना?"

मटकीची उसळ गरम करून घ्या. गोळी नाश्त्यानंतर घ्या; झोपेची नाही ती, मी दोनदा विचारलंय. धडधडलं तर त्यांनी शिकवला तसा श्वास सावकाश सोडा. फोन मी एकदाच उचलायचा, दीड वाजता, असं त्यांनीच सांगितलंय. मला जमेल की नाही, माहीत नाही.

तुम्ही कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नवं मशीन आणाल, हेही ठाऊक आहे. त्याला मी काय करणार? फक्त फोनवरून मागवू नका, स्वतः जाऊन आणा. महिना झाला, तुम्ही एकटे जिना उतरला नाहीत.

तनुजा