गोळीबरोबरचं पाणी

चिमे,

चिठ्ठी तुझ्या बुटात ठेवलीय, तिथे दुसरं कोणी नाक खुपसणार नाही. वाचलीस की फाड.

पाळीला अवकाश असताना आज परत अंगावरून गेलं. चादर बादलीत भिजतेय. गार पाण्यानेच धू, गरम ओतलंस तर डाग बसेल. मी डॉक्टरीणबाईंकडे चाललेय. दाजींनी विचारलं तर ताईची दाढ दुखतेय म्हण. वर मीठमसाला लावू नकोस.

मागच्या खेपेला बाई म्हणाल्या, "गोळ्या चुकवतेस तू." मी केवढी चिडले! एकही चुकवली नव्हती. काल पाकीट उजेडात धरलं. मागचा चंदेरी कागद सोडवून परत चिकटवलाय. एक सुरकुती नाही, एक बुडबुडा नाही. असं काम तू रोज बघतेस, दाजींच्या पुस्तकबांधणीच्या टेबलावर.

कालची गोळी गिळल्यासारखं केलं आणि रुमालात थुंकले. तीच बाईंना दाखवते. पाकीट जागच्या जागी आहे, हात लावू नकोस.

मूल नको म्हटलं तेव्हा दाजींनी अबोला धरला होता, आठवतं? मग एकाएकी लोण्यासारखे मऊ झाले. तेव्हापासून रात्री पाण्याचा पेला तेच आणून देतात आणि मी गोळी घेईपर्यंत उभे राहतात. मला वाटलं, राग निवळला.

आजही देतील. मी हसून घेईन. तेवढा वेळ तू माझ्याकडे बघू नकोस, तुझ्या तोंडावर सगळं दिसतं.

ताई