माकडहाडाची सोय

धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे काय म्हणतात? माझे ठीक आहेत. माझं दुखणं त्यांच्या बरंच वर आहे. बाथरूममध्ये घसरले आणि माकडहाड मोडलं. हवा भरलेल्या रबरी चकतीवर बसून लिहितेय (हसू नकोस).

डॉक्टर म्हणाला, आजी, त्या हाडाचा तसा काही उपयोग नसतो. मग मेलं दुखतं कशाला? नात मानववंशशास्त्र शिकते (म्हणजे माणूस माणूस कसा झाला ते, आमच्या घरात काही जण अजून व्हायचेत). ती म्हणाली, तिथं पूर्वी शेपूट होतं. कामाचं राहिलं नाही, गेलं, एवढं उरलं. म्हटलं, माझ्याकडे बघून सांगू नकोस. ऐकते होय! अख्खा इतिहास ऐकवला. आधी कुणाला वाटलं, जिराफानं मान ताणली म्हणून पोरांच्या माना लांबल्या. म्हटलं, मी जन्मभर शिलाई मशीनवर वाकले, तुझा बाप तर ताठच जन्मला आणि अजून ताठच आहे. म्हणाली, म्हणूनच ते मत मागे पडलं. मग एका दाढीवाल्यानं सांगितलं, परिस्थितीत जे टिकतं त्याचाच वंश वाढतो. (हे त्यानं वर्षानुवर्षं मनात दाबून ठेवलं होतं, मी सुनेबद्दलची मतं ठेवते तसं.) त्याचा आधार घेऊन शहाण्यांनी जगभरच्या माणसांची डोकी मोजली आणि स्वतःला वरच्या पायरीवर बसवलं. ते खोटं निघालं. सगळे एकाच कुळातले.

वाईट पुढेच आहे. बहुतेक जनावरांत पिल्लं व्हायची थांबली की मादी फार जगत नाही. बाई जगते. का, तर काहींच्या मते नातवंडांना कंदमुळं खणून घालायला. धाकटे, माझी नातवंडं वाढवून झाली! आता मुलगा-सून दोन खोल्यांत राहायला चाललेत आणि जेवताना म्हणतात, ‘आईची काहीतरी सोय बघायला हवी.’ सोय! शेपटाचीही अशीच बघितली असणार. नातीला म्हटलं, बापाशी बोल गं. म्हणाली, ‘आजी, आमच्या शास्त्रात नुसतं बघायचं असतं, मध्ये पडायचं नाही.’

कळावे.
तुझी, अजून न गळलेली,
ताई

ता.क. कुणापुढे हात पसरायची मला सवय नाही, हे तू जाणतेसच.

ता.क. दुसरा : तुझ्या नातसुनेला दिवस गेलेत असं कळलं. बाळाला मांडीवर घेणं इतक्यात जमायचं नाही, पण उभ्यानं खांद्यावर कितीही वेळ घेईन. मला कोपऱ्यातली एक कॉट पुरे.

ता.क. शेवटचा : हो असेल तर मोठ्या अक्षरात लिही. नाही असेल तर लिहूच नकोस. इथे टपाल आधी सून वाचते, तिला तेवढा आनंद मिळायला नको.