समुद्रात नीळ जास्त झाली आहे

प्रिय आत्या,

जहाजावरूनच वाकून नमस्कार करते. (जहाज डुलत असल्यामुळे तो थोडा तिरका पोचेल, सांभाळून घे.) तुझा गुडघा कसा आहे? दुकानात उभी राहू नकोस, बाबांचं उंच स्टूल ओढून घे. इस्त्री डावीकडच्या प्लगला लावू नकोस, झटका देते. आणि गिऱ्हाईकं माझी चौकशी करत असतील तर सांग की तिघंही खुशाल आहेत. आजारी कोणी पडलं नाही, बोट कोणाला लागली नाही. लागलं आहे ते वेगळंच, आणि तेच सांगायला हे पत्र.

तुला माहीतच आहे की ही सहल मला निबंधाच्या बक्षिसात मिळाली. जहाज कंपनीला ‘माझ्या स्वप्नातली सुट्टी’ या विषयावर निबंध हवा होता. मी ‘कष्टकऱ्यांचा विश्रांतीचा हक्क’ यावर सतरा पानं लिहिली आणि शेवटच्या पानावर नारळाचं एक झाड घातलं, म्हणजे विषय सुटला असं कोणी म्हणायला नको. तीन तिकिटं आली! तीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या कपड्यांच्या सुरकुत्या काढल्या, त्या माझ्या आईवडिलांनी दहा दिवस हाताची घडी घालून बेटं बघावीत, एवढीच माझी इच्छा होती. मी विश्रांतीचं वेळापत्रकसुद्धा केलं होतं. ‘नऊ ते अकरा : काहीही न करणे. अकरा ते साडेअकरा : सरबत. साडेअकरा ते एक : पुन्हा काहीही न करणे.’ ते मी केबिनच्या दाराला आतून चिकटवलं. आईने ते काढून, कोपरे सरळ करून, पुन्हा चिकटवलं. विश्रांतीच्या कार्यक्रमाला सुरुवात झाली ती अशी.

आता दुसरं कारण सांगते, जे घरात कोणालाच माहीत नाही. आत्या, मला नोकरी लागली आहे. शिक्षिकेची. लांब डोंगरातली शाळा आहे, घरापासून दोन दिवसांचा प्रवास, एक खोली आणि चव्वेचाळीस मुलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं आहे. हेच काम करायचं म्हणून मी शिकले. पण बाबांनी दुकानाच्या पाटीवर ‘कपडे धुऊन व इस्त्री करून मिळतील’ याच्या खाली ‘(मुलगी पदवीधर)’ असं रंगवून घेतलं आहे. ते ज्या कौतुकाने रोज सकाळी ती ओळ ओल्या फडक्याने पुसतात, ते तू पाहिलंच आहेस. त्यांच्या मनात मी जवळच्या कुठल्यातरी कचेरीत जाणार आणि संध्याकाळी येऊन कॉलरींवर खुणेचे नंबर घालणार. एकुलती एक मुलगी दोन दिवस लांब जाणार हे त्यांना कसं सांगायचं? म्हणून मी ठरवलं की विश्रांतीने मन मऊ झालं की सांगायचं. नेमणुकीचं पत्र महिनाभर माझ्या जाकिटाच्या आतल्या खिशात आहे. (कागद फार उत्तम आहे. चार घड्या घालून ठेवते, दिवसातून दोनदा उघडून वाचते, तरी एक सुरकुती नाही. शिक्षण खातं कागदाच्या बाबतीत तरी हात आखडत नाही हे पाहून बरं वाटलं.) इथे एवढा उकाडा असून मी जाकीट काढत नाही. आई सारखी म्हणते, “दे गं, जरा वारा लागू दे त्याला.” मी देत नाही. आंघोळीला जाते तेवढंच ते खुंटीवर असतं.

तर पहिल्या दिवशी मी दोघांना डेकवरच्या लांब खुर्च्यांवर आडवं केलं. समोर निळाभोर समुद्र, मागे संगीत. बाबा बुटांसकट ताठ झोपले, फोटो काढायला बसावं तसे. दहा मिनिटांनी म्हणाले, “झालं का? की अजून आहे?” मी म्हटलं, अजून एक तास पन्नास मिनिटं आहे. आई समुद्राकडे बघत होती. मला वाटलं, हीच ती वेळ. आईच्या डोळ्यांत तो विशाल सागर मावेनासा झाला असणार. एवढ्यात ती म्हणाली, “नीळ जरा जास्त झालीये.” बाबांनी उठून नीट पाहिलं आणि म्हणाले, “एवढी कोणी घालतं का? पांढरं बिघडेल सगळं.” त्यावर दोघांची पाऊण तास चर्चा झाली. पत्र खिशातच राहिलं.

मग हंसाचं प्रकरण. इथे आमची खोली आवरायला एक मिशाळ गृहस्थ येतात. वय बाबांएवढं, स्वभाव कलावंताचा. ते रोज पलंगावर टॉवेलचा एक प्राणी करून ठेवतात. पहिल्या दिवशी हंस होता. आईने त्याला मानेला धरून उचललं, झटकलं आणि चौकोनी घडी घालून कपाटात ठेवलं. (तू आईची घडी ओळखतेस. फूटपट्टी लावून बघ.) दुसऱ्या दिवशी ससा आला, त्याचीही घडी झाली. तिसऱ्या दिवशी हत्ती. चौथ्या दिवशी हँगरला लटकणारं माकड, डोळ्यांना चष्मा लावलेलं. आईने माकडाची घडी घातली आणि वर चष्मा ठेवला. पाचव्या दिवशी गृहस्थ टोपी हातात घेऊन दाराशी आले. चेहरा एवढासा. विचारू लागले की बाई, अठरा वर्षांत माझे प्राणी कोणी मोडले नाहीत, माझं काय चुकलं? मी शरमेने अर्धी झाले. आई म्हणाली, “भाऊ, हात चांगला आहे तुमचा. पण टॉवेल दमट आहे. गुंडाळून ठेवला की आत कुबट वास धरतो. धुलाईखान्यात कोण बसतं तुमच्या?”

बस्स. त्या प्रश्नाने माझ्या वेळापत्रकाचा निकाल लागला. ते गृहस्थ तिला जहाजाच्या तळाशी घेऊन गेले, जिथे खिडकी नाही, समुद्र दिसत नाही, फक्त वाफ आहे. तिथे खोलीएवढ्या रुळांचं एक इस्त्रीचं यंत्र आहे. इकडून चादर आत जाते आणि तिकडून कागदासारखी बाहेर येते. आई त्याच्यासमोर हात जोडून उभी राहिली. त्याच दिवशी चहापानाला प्रवाशांना कप्तानाशी हात मिळवायचा होता. बाबांनी हात मिळवला नाही. त्यांनी कप्तानाची बाही धरली, उजेडाकडे वळवली आणि म्हणाले, “साहेब, काळ्या कापडावर चकाकी आलीये. ओलं फडकं न घालता इस्त्री फिरवलीये कोणीतरी.” रांग थांबली. मी एका खांबामागे गेले. पण कप्तान खूश झाला. तीन वर्षं त्याला आपला कोट का चमकतो हे कळत नव्हतं म्हणे. झालं, बाबाही तळाशी. झालेल्या सहा दिवसांपैकी शेवटचे दोन दिवस माझे आईवडील सुट्टीवर जाऊन कामावर आहेत. वाटेत दोन बेटं येऊन गेली. एकावर पाण्यापर्यंत वाकलेली नारळाची झाडं होती. मी एकटी जाकीट घालून पाहून आले.

आई तर तिथे तळाशी देवासारखी झाली आहे. पहिल्याच गाठोड्यात तिने कप्तानाच्या पांढऱ्या कोटाच्या खिशातून चार महिने हरवलेला चष्मा काढला. सगळे थक्क झाले. मला काही नवल वाटलं नाही. खिसा उलटा केल्याशिवाय आईने आयुष्यात कपड्याला हात लावलेला नाही.

सांगण्याचा प्रयत्न मी केला नाही असं समजू नकोस. काल जेवणाच्या मेजावर ठरवूनच बसले होते. रुमाल पंख्यासारखे उभे केलेले होते. आईने आमचे तीन आणि शेजारच्या कुटुंबाचे पाच, असे आठ पंखे सपाट केले. मग मी घसा साफ केला. बाबा लगेच चमचा खाली ठेवून म्हणाले, “काय? काही बोलायचंय का तुला?” ते हल्ली सारखं हेच विचारतात. डेकवर विचारतात, जिन्यात विचारतात. त्यांना काळजी करायची सवयच लागली आहे, विश्रांतीतही सुटत नाही. मी म्हटलं, काही नाही बाबा, तुम्ही निवांत जेवा. त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “असू दे. तिला वाटेल तेव्हा.” काय वाटेल ते तिने सांगितलं नाही. मीठ घ्यावंसं, बहुतेक.

पुस्तकात वाचलं होतं की माणसाला कामातून मोकळं केलं की तो मनानेही मोकळा होतो. माझ्या आईवडिलांनी ते पुस्तक वाचलेलं नाही. पण एक खरं सांगू? आज मी तळाशी डोकावले, तेव्हा बाबा धुलाईखान्यातल्या चौघांना घडी शिकवत होते. चुकली की स्वतः उकलून पुन्हा घालायला लावत होते, न रागावता. मला शिक्षक व्हायचं वेड कुठून लागलं ते मला पहिल्यांदाच कळलं. आणि हेही कळलं की आता मला त्यांच्यासमोर तोंडच उघडता येणार नाही.

तुझी लाडकी भाची

ता. क. आता खरं काम. आत्या, तूच सांग ना त्यांना! तू मोठी आहेस, बाबा तुझ्यापुढे ब्र काढत नाहीत. जहाज रविवारी किनाऱ्याला लागेल, पुढे आगगाडीने आम्ही मंगळवारी घरी पोचू, हे पत्र विमानाने शनिवारपर्यंत मिळेल. आम्ही घरात आलो, चहा झाला, बाबांनी पाटी पुसली की सांग. तोपर्यंत मी माळ्यावर काहीतरी शोधत असेन.

ता. क. दुसरा. किंवा पाटी पुसण्याआधी सांग. पुसून झाल्यावर फार वाईट वाटेल.

ता. क. तिसरा. हे पत्र नेमणुकीच्या पत्राशेजारीच जाकिटात ठेवते आहे. उद्या बेटावर उतरले की स्वतःच्या हाताने पेटीत टाकीन. जाकीट सुरक्षित आहे.

वन्सं,

नमस्कार. पोरगी आंघोळीला गेली आहे. पत्र मीच जहाजावरच्या पेटीत टाकते, तिला सांगीन वाऱ्याने उडालं असतं म्हणून टाकलं. इस्त्री केली आहे, वाचायला सोपं जाईल.

शाळेचं पत्र मला महिन्यापूर्वीच सापडलं. आम्ही दोघांनी दोनदा वाचलं. रडून झालं आमचं, दुकानात, कपड्यांच्या ढिगामागे. तेव्हापासून रोज त्यालाही इस्त्री करते (छोटी इस्त्री इथेही बरोबर आणली आहे), नाहीतर कागद घड्यांवर फाटला असता. हजर होताना चुरगळलेला कागद द्यायचा का साहेबांना? सहलीला आलो तेसुद्धा ती मोकळेपणी सांगेल म्हणूनच. नाहीतर एवढी नीळ बघायला कोण येतं?

तुम्ही काही सांगू नका. तिचं तिला सांगू द्या. चव्वेचाळीस पोरांपुढे बोलायचंय, आम्ही दोघंच तर आहोत.

फक्त रंगाऱ्याला बोलावून पाटीवरचं ‘पदवीधर’ पुसून ‘शिक्षिका’ करून घ्या. अक्षर ह्यांना मोठं हवं आहे. आणि वरून एक चादर घाला. तिने सांगितलं की काढू.