पैलवानाचा लंगोट

मिरज, मंगळवार, दिवेलागण

नातीला म्हटलं, लिही, लाजू नको. ह्यांची मूत्रपिंडं थकली, म्हणून रक्तातलं विष धुवायला त्या सुटलेल्या पोटात नळीनं पाणी सोडतात नि काढतात. आज इथं दवाखान्यात पुरुषाची जागा नारळाएवढी सुजली. "कुणाला बोललीस तर बघ!" म्हणत जुन्या पैलवानानं वरून लंगोट कसला. सूज काय लंगोटाला भिते व्हय?

मी मात्र उठून डॉक्टरांच्या खोलीत गेले. पण त्या जागेचं नाव घ्यायची लाज. शेवटी ह्यांचा दुसरा लंगोट त्यांच्या टेबलावर ठेवला.

"आजी, हे काय?"

"ह्यांना जाऊन बघा."

डॉक्टरांनी तपासलं, पोटातलं पाणी खाली उतरलंय म्हणाले. आज नळी बंद. मग रक्तातलं विष कुठं जाणार?

लंगोट सुटला, तवापासून हे माझ्याशी बोलत न्हाईत. रागवू दे. रागवायला तरी राहू दे, देवा.