दोन हातांची राख

ता. ६ जून

चि. चिमणीस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. हे की, मी बोलतेय आणि तुझी आई लिहितेय. दिवसभर कारखान्यात शर्टांना खिसे शिवून आलीय, म्हणून अक्षरं पेंगताहेत. त्याचं खापर माझ्या माथी फोडू नकोस.

घर सोडताना तू परसात लावलेली रास्पबेरी बिघडलीय. शेंड्याची नवी पानं पिवळी पडलीत, शिरा तेवढ्या हिरव्या. तुझा बाबा म्हणतो, रोग आहे, शेजारणीच्या झाडांनाही लागेल. रविवारी सगळी उपटून जाळणार. बस चालवून चालवून त्याला थांबा दिसतच नाही. मी म्हटलं, तुझा पहिला केस पांढरा झाला तेव्हा आम्ही तुला उपटलं होतं का?

माझे गुडघे आता पायरीपर्यंतच साथ देतात. तिथे बसून रास्पबेरीच्या त्या उंच काठ्यांकडे बघितलं की तू घरातच आहेस असं वाटतं. तेव्हा रविवारच्या आत उत्तर धाड. लोभ आहेच, त्यात काटकसर करू नकोस.

तुझी आजी

ता. ९ जून

ती. आजीस शि. सा. न. वि. वि. सकाळपासून रोपवाटिकेत उभी होते. पाय माझे की स्टुलाचे, कळेनासं झालंय.

आईला पान उलटं करून बघायला सांग. खाली नारिंगी भुकटी असली तर तांबेरा. बारीक जाळी आणि ठिपके असले तर लाल कोळी. दोन्हींवर इलाज आहे. पण पान चुरगळलेलं, फोड आल्यासारखं आणि वेडंवाकडं डागाळलेलं असलं तर विषाणू. मग बाबांचंच खरं, उपटावं लागेल. यातलं काहीच नसलं तर झाडाला लोह मिळत नाहीये. मातीत राख फार पडली की असं होतं. आपल्याकडे राख कोण टाकतं?

रजा मिळत नाही, आजी. इथे जीव कंटाळतो तेव्हा मी मनातल्या मनात त्याच काठ्या बांधत बसते. बाबांना थांबव. रागावलीस तरी लोभ तसाच ठेव.

तुझी चिमणी

ता. १२ जून

चि. चिमणीस आशीर्वाद. वि. वि. राखेचा प्रश्न वाचला आणि तुझ्या आईने कागदाची घडीच घातली, मी छताकडे बघू लागले.

ती कामावर गेली की शेगडीची राख मीच टाकते. म्हटलं, बिचारीला वेळ कुठला. संध्याकाळी मी आडवी झाले की कारखान्यातल्या इस्त्रीच्या भट्टीतली राख आणून ती टाकते. म्हणे, म्हातारीला कुठलं आठवतंय. दोघींनी एकमेकींची दया केली आणि झाडाचा जीव घेतला. ती हे लिहायला तयार नव्हती. मी म्हटलं, लिही, माझ्यावरचं तेवढं कसं झरझर लिहितेस! मग दोघी हसलो. हसता हसता तिने टेबलावर डोकं टेकलं, ते बराच वेळ उचललंच नाही. दमलीय गं फार.

पानाखाली भुकटी नाही, जाळी नाही, फोडही नाहीत. बाबाने नव्या पानांपर्यंत मुदत दिलीय. वरची राख त्यानेच खरवडली, तोंड वाकडं करून. तुझ्या आईने दुकानातून लोहाचं औषध आणलंय. लोभाची राख होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

ता. ४ जुलै

चि. चिमणीस आशीर्वाद. वि. वि. नवी पानं हिरवी आलीत. जुनी पिवळीच राहिली, आमच्यासारखी, सुधारण्यापलीकडची. बाबा कुदळ परत ठेवून आला, वर सांगतो की त्याला आधीपासून ठाऊक होतं.

आता संध्याकाळी तुझी आई माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसते. दोघी झाडाला काहीही न करता बघत राहतो. इतकं अवघड काम आम्ही जन्मात केलं नव्हतं.

मुळाशी नवा कोंब फुटलाय, तो तुझा. पानं गळली की काढता येईल, असं तुझी आई सांगते. बाबा म्हणाला, पार्सल करू. मी म्हटलं, वाटेत मरेल. मरणार नाही, हे मलाही कळतं. पण तू न्यायला ये. लोभ इथेच ठेवलाय, तोही तेव्हाच ने.

तुझी आजी