चादरीआडून

१ नोव्हेंबर १९९०, गुरुवार

पूर्ण झाला एकदाचा! सुभाषचा ॲम्प्लिफायर. दोन वर्षं सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोडच्या फेऱ्या, गॅलरीत सोल्डरचा धूर, माझ्या स्टीलच्या मोठ्या डब्याचा बळी – आणि आज त्यातून भूप वाजला. छान वाजला. जुन्या टेपवरही छानच वाजायचा, पण ते मी बोलले नाही.

(वहीत मी त्याला सुभाष म्हणते. तोंडाने 'अहो'. वहीचं एवढं सुख.)

आता घरी आला की त्या डब्यासमोर बसतो. मी टँकरचं सांगत होते – पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंतच चढलं, खालच्या गुजराती बेननी दोन कळशा दिल्या – तर म्हणतो, "हूं. अगं, वरचा सा ऐकलास?"

गिरगावात एका खोलीत सात माणसं होतो. सासूबाईंसमोर दोन शब्द बोलायची सोय नव्हती. पण मी मोरीपाशी भांडं कसं ठेवते यावरून त्याला कळायचं, आज काहीतरी बिनसलंय. मग जिन्यात गाठून विचारायचा. इथे मीरा रोडला दोन खोल्या, दार लावलं की आम्ही दोघंच. हवं तेवढं बोला! आणि ऐकायलाच कुणी नाही. मला ती सात माणसांची खोली आठवत राहते. वेडीच आहे मी.

३ नोव्हेंबर, शनिवार

रेनॉल्ड आला होता. सुभाषच्या ऑफिसातला, उत्तनचा. मेव्हण्याने मस्कतहून आणलेला जपानी ॲम्प्लिफायर घेऊन आला – रिक्षात मांडीवर ठेवून! दोन्ही लावून पाहिले. सुभाष म्हणाला, तुझा कोरडा वाजतो. रेनॉल्ड हसायला लागला. "सगला डोल्यांचा खेल हाय! न बगता सांग कुठला कुठचा. न्हाय जमनार तुला."

झालं! दहापैकी नऊ ओळखले नाहीत तर माझा डबा भंगारात, म्हणाला सुभाष.

वायरी बदलायचं काम माझ्याकडे. का, तर मला त्यातलं काही कळत नाही म्हणून. उपकार!

४ नोव्हेंबर, रविवार

मधे दोरीवर चादर. पलीकडे सुभाष, भिंतीकडे तोंड करून, रेनॉल्ड पहाऱ्याला. अलीकडे मी आणि ती दोन खोकी. दोन्हींचा आवाज रेनॉल्डने आधीच सारखा करून ठेवलेला. मी नाणं उडवायचं – छापा आपला, काटा जपानी. कागदावर लिहायचं, वायरी लावायच्या, 'हं' म्हणायचं आणि भूपाचा तोच तुकडा वाजवायचा. 'हं'खेरीज एक अक्षर बोलायचं नाही.

खरं सांगू? हरावा असंच वाटत होतं. जाऊ दे तो डबा भंगारात. माणूस तरी परत मिळेल.

दहापैकी दहा!!

रेनॉल्ड कागद उलटासुलटा करून बघत राहिला. सुभाषने मला खांद्याला धरून गदागदा हलवलं. मीही हसले. पण तो हसत होता डब्याकडे बघून.

८ नोव्हेंबर

आमटीत मीठ घालायला विसरले. त्याने मुकाट संपवली. कळलंच नाही.

११ नोव्हेंबर, रविवार

रेनॉल्ड बायकोला घेऊन आला. आयडाला. पुन्हा परीक्षा, पण या खेपेला वायरी आयडा लावणार. का ते मागून सांगतो म्हणाला. मी सुभाषच्या शेजारी बसले, डोळे मिटून. मला तर सगळे भूप एकच.

दहापैकी पाच.

"पाच तं नुसतं नाणं उडवून पन येतात रे," रेनॉल्ड म्हणाला. मग माझ्याकडे वळून, जरा ओशाळून, "वयनी, गेल्या खेपेला तुज्या बांगड्या वाजत व्हत्या. त्याच्यावरून कललं असंल त्याला."

मी सुभाषकडे बघत राहिले. म्हण ना, हो म्हण!

"बांगड्या? मला नाही ऐकू आल्या."

खोटं बोलत नव्हता तो. तेच तर.

१३ नोव्हेंबर

डबा माझ्या जुन्या साडीत बांधून दाराशी ठेवलाय. भंगारवाला शुक्रवारी येतो. सुभाष गॅलरीत बसून पेणकरपाड्याच्या बाजूला नव्या इमारतींचे पाये खणतात ते बघतो. "कानच खोटे निघाले," एवढंच म्हणाला. चाळिशीही नाही आली अजून याची!

डबा गेला की माणूस परत मिळेल वाटलं होतं. आता तर ते 'हूं'सुद्धा गेलं. मला त्याची ही हार नको होती. मला काय हवं होतं? त्याने विचारावं – काय गं, आज गप्प का? बस, एवढंच. ते कसं मागायचं?

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

भंगारवाल्याला त्याने दारातूनच परत पाठवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "रेनॉल्डचा अजून इथेच आहे. रविवारी तू लाव वायरी. शेवटचं एकदा. बांगड्या काढून ठेव."

बरं म्हटलं. मनात एक आलंय. इथेसुद्धा लिहीत नाही.

१८ नोव्हेंबर, रविवार

आम्ही दोघंच. डबा साडीतून सोडवून जपानीशेजारी ठेवला. चादर, नाणं, कागद. बांगड्या काढून फ्रिजवर ठेवल्या. हात कसेतरीच दिसत होते. बाजूला कुकर लावलेला. दहा वेळा 'हं' म्हटलं. चादर बाजूला करून कागद त्यानेच हिसकावला, बोट ठेवून आपल्या उत्तरांशी एकेक ताडून पाहिला.

नऊ! सहावा तेवढा चुकला.

"कान शाबूत आहेत गं माझे!" डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. डबा परत शोकेसवर ठेवला. मी शिरा केला.

१९ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला. पेपरातून मान वर न करता म्हणाला, "काय लपवतेयस?"

"कुठे काय!"

काल दहाही वेळा जपानीच वाजत होता. वायरींना मी हातसुद्धा लावला नव्हता. नाणं उडवायचे, कागदावर लिहायचे, जे लिहिलं ते मनात आणून 'हं' म्हणायचे.

सहाव्या वेळी माझं लक्ष कुकरकडे गेलं होतं.